दातांवरील लेप आणि लग्नाचा मुहूर्त

तुळशीचे लग्न लागले, की महाराष्ट्रात लग्नसराईला आरंभ होतो. आणि अलीकडे त्या आरंभाबरोबरच शहरांतील, तशाच तालुक्याच्या गावांतीलही, दंतवैद्यांच्या दवाखान्यांत एका विशिष्ट मागणीची वर्दी येऊ लागते. लग्नाची तारीख निश्चित झालेली असते, कार्यालय ठरलेले असते, छायाचित्रकाराला विसार दिलेला असतो, आणि ह्या साऱ्या तजविजीत समोरचे सहा किंवा आठ दात तेवढे मनाजोगे नाहीत, त्यांत कोठे फट आहे, कोठे पिवळेपणा आहे, कोठे एखादा कोपरा उडालेला आहे, ही गोष्ट वधूच्या किंवा वराच्या, आणि पुष्कळदा त्यांच्याहूनही आधी त्यांच्या आईवडिलांच्या, ध्यानात येते. मग मोबाइलवर पाहिलेली एखादी चित्रफीत पुढे करून, 'हे आम्हांला एका बैठकीत करून द्या,' अशी विनंती होते. जे करून हवे असते त्याचे नाव काँपोझिट व्हेनियर.

ही मागणीच गैर आहे, असे माझे म्हणणे नाही. आपल्या दातांची लाज वाटून ज्याने वर्षानुवर्षे ओठ मिटून हसण्याची सवय लावून घेतली आहे, त्याचे दुःख खरे दुःख आहे, आणि ते दूर करणारी विद्या हाताशी असताना तिचा लाभ घेऊ नये असा उपदेश करणे निष्ठुरपणाचे होईल. माझी तक्रार आहे ती क्रमाविषयी. दात पिवळा का झाला, फट का पडली, कड का झिजली, ह्याचा निर्णय आधी आणि लेपाचा विचार त्यानंतर, हा जो शास्त्राचा क्रम, त्याच्या जागी लग्नाच्या तारखेपासून मागे मोजत येऊन लेपाचा दिवस ठरवायचा आणि निदानाला उरेल तेवढाच अवकाश द्यायचा, असा सोयीचा क्रम आला आहे. आणि ह्या उलटापालटीची भरपाई, लग्नाचे आल्बम कपाटात गेल्यावर, पुढे कित्येक वर्षे हिरड्यांना आणि दातांना करावी लागते.

प्रथम हा पदार्थ काय आहे ते पाहू. काँपोझिट म्हणजे राळेच्या जातीच्या एका कृत्रिम द्रव्यात काचेचे किंवा सिलिकाचे अतिसूक्ष्म कण मिसळून केलेली, दाताच्या रंगाची, लोण्यासारखी मऊ लुगदी. किडलेल्या दाढेत जे दाताच्या रंगाचे 'सिमेंट' भरले जाते, ते पुष्कळदा हेच असते. दंतवैद्य ही लुगदी दाताच्या पुढील पृष्ठभागावर हाताने बसवतो, तिला आकार देतो आणि तिच्यावर निळ्या प्रकाशाचा झोत सोडतो. त्या लुगदीत कापरापासून बनवलेले एक पिवळसर रसायन बहुधा मिसळलेले असते, ते निळ्या प्रकाशाने जागृत होते आणि काही सेकंदांत राळ टणक होते. प्रयोगशाळेत घडवून आणावे लागणारे पोर्सिलेनचे व्हेनियर निराळे. त्याला निदान दोन बैठका लागतात, खर्च कित्येक पट होतो, आणि ते बसवण्यासाठी दात बहुधा थोडा घासावा लागतो. पण ते टिकतेही अधिक आणि त्यावर डागही सहसा धरत नाही.

ह्या विद्येचा इतिहास लहान आहे, आणि तो माहीत असणे उपयोगाचे आहे. 1930 च्या सुमारास कॅलिफोर्नियात चार्ल्स पिंकस नावाचा एक दंतवैद्य हॉलिवूडच्या नटनटींसाठी दातांवर बसवण्याचे पातळ पापुद्रे तयार करीत असे. ते कवळी चिकटवण्याच्या भुकटीने तात्पुरते चिकटवले जात आणि चित्रीकरण संपताच काढून ठेवले जात. म्हणजे मूळ कल्पना कॅमेऱ्यासमोरच्या काही घटकांपुरती होती. त्या पापुद्र्यांनी जेवावे, असे खुद्द पिंकसच्याही मनात नव्हते. ते कायमचे चिकटावेत ह्याची किल्ली सापडली ती 1955 साली, जेव्हा मायकेल बुओनोकोर ह्या संशोधकाने, धातूवर रंग धरावा म्हणून कारखान्यांत वापरले जाणारे फॉस्फोरिक आम्ल दाताच्या पृष्ठभागावर लावून पाहिले आणि त्या आम्लाने खरबरीत झालेल्या दातावर राळ घट्ट बसते, हे दाखवून दिले. पुढे 1962 साली राफाएल बोवेन ह्यांनी, आजच्या काँपोझिटांचा पाया असलेल्या राळेचे पेटंट घेतले. ह्या दोन शोधांच्या संयोगातून आजचा उपचार निघाला आहे. कॅमेऱ्यापुरती असलेली वस्तू त्यामुळे आयुष्यभराची झाली खरी, परंतु तिच्याविषयीची आपली अपेक्षा मात्र अजून चित्रीकरणाच्या दिवसाएवढीच राहिली आहे, आणि माझ्या मते सर्व घोटाळ्याचे मूळ येथे आहे.

दाताचे जे बाहेरचे कठीण आवरण, ज्याला आपल्याकडे दंतवल्क म्हणतात, ते शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य आहे. त्याच्या वजनाचा सुमारे 96 टक्के भाग खनिजाचा असतो. परंतु ह्या काठिण्यासाठी निसर्गाने त्याच्याकडून एक गोष्ट काढून घेतली आहे. हाड मोडले तर सांधते, कातडी फाटली तर भरून येते, पण दंतवल्क घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येता येताच नाहीशा होतात, आणि त्यानंतर गेलेले दंतवल्क कोणत्याही औषधाने, कोणत्याही आहाराने परत येत नाही. समोरच्या दातांवर ह्या आवरणाची जाडी कडेशी सुमारे एक मिलिमीटर असते आणि हिरडीजवळ ती अर्ध्या मिलिमीटरच्याही खाली येते. राळ चांगली चिकटते ती ह्याच आवरणाला. त्याच्या आतील दंतिन ह्या थरात पाणी आणि सेंद्रिय तंतू असल्यामुळे तेथे तिची पकड कमी भरवशाची असते. तेव्हा दात अधिक घासून 'जागा करून घेणारा' कारागीर एकाच हाताने दोन नुकसानी करतो : जे परत येत नाही ते घालवतो, आणि ज्यावर लेप टिकायचा तो आधारही कमी करतो.

काँपोझिटचा मोठा गुण असा, की योग्य रुग्ण असेल तर दात जवळजवळ न घासता तो बसवता येतो. जाहिरातींत मात्र हा गुण ताणून, 'केव्हाही काढा, दात पूर्ववत्' असे आश्वासन दिले जाते, आणि ते पूर्णांशाने खरे नाही. आम्लाने दंतवल्काचा काही मायक्रॉनांचा थर जातोच. आणि लेप काढताना, त्याचा रंग दाताशी इतका जुळलेला असतो, की राळ कोठे संपली आणि दात कोठे सुरू झाला हे निष्णात डोळ्यालाही चटकन उमगत नाही, त्यामुळे फिरत्या यंत्राखाली थोडे दंतवल्कही जाते. ही हानी अल्प असते, परंतु तीच क्रिया दर पाच-सात वर्षांनी झाली तर अल्पाचे अल्प राहत नाही. तरीही ज्याला समोरच्या निरोगी दातांवर पूर्ण 'कॅप' बसवण्याची शिफारस केली जात असेल, त्याने तेथून उठून दुसऱ्या वैद्याचे मत घ्यावे. कारण समोरच्या दाताला कॅप बसवण्यासाठी हिरडीवरील भागाचा जवळजवळ दोन तृतीयांश अंश कोरून काढावा लागतो. स्वस्तातल्या व्हेनियरच्या आशेने ब्रिटनमधून तुर्कस्तानात गेलेल्या पुष्कळ तरुणांच्या निरोगी दातांचे असे खुंट होऊन ते परतले, आणि त्यांतील अनेकांना आपल्याला व्हेनियर नव्हे तर कॅप बसवल्या आहेत हे मागाहून कळले.

आता निदानाकडे वळू, कारण ह्या विषयातील खरा भाग तोच आहे. दातांचा पिवळेपणा हा एक रोग नव्हे. ती अनेक कारणांची एक खूण आहे, आणि प्रत्येक कारणाची दुरुस्ती निराळी. पुष्कळांच्या दातांवर जो थर दिसतो तो निव्वळ कीटणाचा आणि चहा, तंबाखू, मिश्री ह्यांच्या डागांचा असतो, आणि तो एका साफसफाईने निघतो. परंतु दात साफ करून घेतले की ते हलू लागतात, असा जो गैरसमज आपल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे, त्यापायी माणसे हा साधा, स्वस्त उपाय टाळतात आणि महागड्या लेपाला तयार होतात. वस्तुस्थिती अशी आहे, की कीटणाखाली हाड आधीच झिजलेले असते आणि कीटण निघाल्यावर ते सत्य तेवढे उघडे पडते; साफसफाई हा त्यातला गुन्हेगार नव्हे. कीटण तसेच ठेवून सुजलेल्या, रक्त येणाऱ्या हिरड्यांशेजारी लेप बसवला, तर रक्ताच्या आणि लाळेच्या ओलाव्याने त्याची पकड पहिल्या दिवसापासूनच कच्ची राहते, आणि पुढे त्याच्या कडेशी अन्न साचून हिरडी आणखी सुजते. ज्या दवाखान्यात हिरड्यांकडे न पाहता थेट लेपाची तारीख दिली जाते, त्या दवाखान्याविषयी अधिक चौकशी करण्याची गरज नाही.

एकच दात काळवंडला असेल तर प्रश्न निराळा. लहानपणी सायकलीवरून किंवा झोपाळ्यावरून पडून मार लागलेल्या दाताची आतली नस कित्येक वर्षांनी मृत झालेली आढळते. अशा दाताचा एक्स-रे काढून, नस जिवंत आहे की नाही हे पाहून, जरूर तर रूट कनाल करून आणि दात आतूनच उजळवून, पुष्कळदा वरच्या लेपावाचून काम भागते. उलट, तो काळा रंग लपवण्यासाठी वरून पातळ लेप दिला तर रंग आतून डोकावत राहतो आणि मुळाशी असलेला जंतुसंसर्ग निर्वेधपणे हाडात पसरू शकतो. गर्भावस्थेत आईला किंवा बालपणी मुलाला टेट्रासायक्लीन हे औषध दिले गेल्यामुळे जे राखी-तपकिरी पट्टे दातांत कायम बसतात, त्यांनाही पातळ काँपोझिट सहसा झाकू शकत नाही, आणि जाड दिले तर दात ओठाबाहेर आल्यासारखे दिसतात.

दोन दातांमधील फटीविषयी तर विशेष सावधगिरी हवी. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या वरच्या पटाशीच्या दातांत फट दिसली, की आईबापांचा जीव कासावीस होतो. परंतु अकरा-बारा वर्षांच्या सुमारास सुळे उतरले, की ती फट बहुधा आपोआप मिटते, आणि त्या वयात दातांना हात न लावणे हाच योग्य उपचार असतो. ह्याच्या उलट, चाळिशीत किंवा पन्नाशीत, जेथे पूर्वी फट नव्हती तेथे ती नव्याने पडू लागली, समोरचे दात पंख्यासारखे पसरू लागले, तर तो बहुधा हिरडीखालचे हाड झिजत असल्याचा इशारा असतो, आणि मधुमेह ताब्यात नसलेल्या माणसांत ही झीज अधिक वेगाने होते. अशा माणसाची फट राळेने बुजवणे म्हणजे तडा गेलेल्या भिंतीला चुन्याचा हात फिरवणे होय. त्याची रक्तशर्करा आधी तपासली पाहिजे, हिरड्यांचा उपचार आधी झाला पाहिजे, आणि दात स्थिरावल्यावरच सौंदर्याचा विचार झाला पाहिजे.

दातांच्या कडा झिजल्या असतील तर त्या कशाने झिजल्या, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा. झोपेत दात खाण्याची सवय असलेल्या माणसाचा लेप काही महिन्यांतच कोपऱ्यावर तुटतो; त्याला आधी रात्री घालण्याचे संरक्षक साधन करून द्यावे लागते. ज्याला जुने आम्लपित्त आहे, त्याच्या वरच्या दातांची आतली बाजू पोटातील आम्लाने विरघळत असते, आणि बाहेरून दिलेला लेप त्या आम्लाला अडवू शकत नाही. ज्याचे वरचे आणि खालचे दात कडेला कड लागून मिटतात, त्याच्या बाबतीत लेपाआधी दातांची ठेवणच सुधारावी लागते. दंतवैद्याने तोंड मिटायला लावून, जबडा पुढे आणि बाजूला सरकवायला लावून ही तपासणी केली नसेल, तर तपासणी झालीच नाही असे समजावे.

आणखी एक कारण असे आहे, की त्याचा विचार करताना माझे मन केवळ दातांपाशी थांबत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड ह्या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लुओराइडचे प्रमाण मर्यादेबाहेर आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसेल तर फार तर 1.5 मिलिग्रॅमपर्यंत चालावे. जबड्यात दात घडत असताना, म्हणजे समोरच्या दातांपुरते बोलायचे तर वयाच्या सुमारे आठव्या वर्षापर्यंत, असे पाणी पोटात गेले, तर दंतवल्कावर खडूसारखे पांढरे आणि पुढे तपकिरी होत जाणारे डाग कायमचे उमटतात. त्या गावचा तरुण नोकरीच्या मुलाखतीला किंवा स्थळ पाहायला जाताना ओठ मिटून बसतो, तेव्हा त्याच्या तोंडात त्याचा कोणताही दोष लिहिलेला नसतो. शासनाने वेळेवर न दिलेल्या शुद्ध पाण्याचा तो दाखला असतो. अशा दातांवर उपाय आहेत. सौम्य डाग आम्लमिश्रित बारीक पुडीने हलकेच घासून आणि दात उजळवून पुष्कळ फिके होतात. तीव्र डागांसाठी काँपोझिट व्हेनियर हा न्याय्य आणि उपकारक उपचार आहे, जरी त्या कठीण झालेल्या बाह्य थराला आम्ल सहजासहजी दाद देत नसल्याने काम अधिक कौशल्याचे होते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, आणि फ्लुओराइडग्रस्त गावांतील मुलामुलींना हा उपचार तेथे अग्रक्रमाने मिळावा, ही मागणी लोकप्रतिनिधींनी लावून धरण्यासारखी आहे. अर्थात् पुढच्या पिढीच्या दातांसाठी लेपाची नव्हे, नळाच्या निर्मळ पाण्याची तजवीज झाली पाहिजे.

रंगाविषयी आपण किती परावलंबी आहोत, हे इतिहासाकडे पाहिले म्हणजे कळते. एके काळी आपल्याच महाराष्ट्रात सुवासिनी स्त्रिया दातवण लावून दात मुद्दाम काळे करीत आणि त्या काळेपणात सौभाग्याचे आणि सौंदर्याचे लक्षण पाहत. आज त्याच समाजाला कागदासारखे शुभ्र दात हवे आहेत, आणि नमुन्यांच्या पट्टीतील सर्वांत पांढरी छटा निवडण्याचा आग्रह होतो. निरोगी दात असा शुभ्र नसतो. आतील दंतिन पिवळसर असते, त्यावरचे दंतवल्क अर्धपारदर्शक असते, आणि म्हणून खरा दात हिरडीशी जरा उबदार आणि कडेशी निळसर झाक असलेला दिसतो. एकाच अपारदर्शक पांढऱ्या छटेचा जाड थर सर्व दातांवर ओढला, तर तो छायाचित्रात एक वेळ शोभेल, पण समोरासमोर बोलताना माणसाच्या डोळ्यांआधी त्याचे दात दिसू लागतात. रंग ठरवताना तो दिवसाच्या उजेडात आणि काम सुरू होण्याआधी ठरवावा, कारण तोंड उघडे ठेवून दात कोरडे पडले, की ते काही काळ मूळच्या रंगापेक्षा पांढरे भासतात आणि त्या भासावर केलेली निवड चुकते.

दात उजळवून घ्यायचे असतील तर तेही लेपाच्या आधीच. उजळवण्याचे औषध राळेवर काम करीत नाही. लेप बसल्यावर दात उजळवले, तर दात पांढरे होतील आणि लेप जुन्या रंगाचा राहील. शिवाय उजळवल्यानंतर दातात राहिलेला ऑक्सिजन राळेची पकड बिघडवतो, म्हणून मध्ये सुमारे दोन आठवडे जाऊ द्यावे लागतात. आता हिशेब करावा. साफसफाई करून हिरड्या निवळण्यास दोन-तीन आठवडे, उजळवण्यास साधारण दोन, त्यानंतरच्या विश्रांतीस दोन, आणि मग लेप. हा काळ दीड-दोन महिन्यांच्या आत बसत नाही. तीन आठवड्यांवर लग्न आलेल्या माणसाला जो 'सर्व काही होईल' असे सांगतो, तो ह्यांतील काही पायऱ्या गाळणार आहे, हे उघड आहे.

प्रत्यक्ष कामाच्या वेळी रुग्णाने पाहाव्यात अशा गोष्टी थोड्या आहेत. लेप कायमचा चिकटवण्यापूर्वी आम्ल न लावता तोच पदार्थ दातांवर तात्पुरता बसवून आकाराचा नमुना दाखवता येतो. तो आरशात पाहावा, त्यासह बोलून पाहावे, आणि संमती द्यायची ती त्यानंतर द्यावी. लाळ दूर ठेवण्यासाठी दातांभोवती रबराचा पातळ पडदा किंवा तत्सम साधन वापरले जाते. आम्लाने तयार झालेल्या पृष्ठभागाला लाळेचा स्पर्श झाला तर ती क्रिया पुन्हा करावी लागते, आणि ज्याला घाई असते तो ती पुन्हा करीत नाही. शेवटी घासून चकाकी आणण्याच्या कामाला बराच वेळ लागतो. लेप बसल्यावर प्रत्येक दोन दातांमधून दोरा अडखळल्यावाचून जातो की नाही, हे दवाखान्यातून निघण्याआधी रुग्णाने स्वतः पाहावे. दोरा अडकला, तुटला किंवा मुळी शिरलाच नाही, तर काम अपुरे आहे.

टिकण्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. काँपोझिट व्हेनियर सामान्यतः पाच ते सात वर्षे चांगल्या स्थितीत राहते; काळजी घेणाऱ्याचे अधिक, निष्काळजी माणसाचे ह्याहून कमी. आपल्या स्वयंपाकातील हळद, दिवसातून चार वेळा होणारा चहा, आणि पान-तंबाखू हे सर्व त्याला रंग लावणारे पदार्थ आहेत, विशेषतः पहिल्या एक-दोन दिवसांत. काही औषधी गुळण्यांनीही त्यावर तपकिरी डाग धरतात. ऊस दाताने सोलणे, कणीस पुढच्या दातांनी तोडणे, शिवणाचा दोरा दाताने कापणे, बाटलीचे बूच दाताने काढणे, हे सोडावे लागते. पेरू आणि सफरचंद फोडी करून खावे लागतात. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पॉलिश करून घ्यावे लागते, आणि कोपरा उडाला तर भरून घ्यावा लागतो, जे काँपोझिटमध्ये सहज होते आणि हा त्याचा पोर्सिलेनवरचा मोठा लाभ आहे. पंचविसाव्या वर्षी हा उपचार घेणाऱ्याने साठीपर्यंत तो पाच-सहा वेळा नव्याने करावा लागेल, असा अदमास धरून चालावे. जो खर्च एकदाचा म्हणून सांगितला जातो, तो वस्तुतः हप्त्याहप्त्याने आयुष्यभर चालणारा असतो, आणि ही गोष्ट हाती पैसे देण्याआधी कळणे हा रुग्णाचा हक्क आहे.

कायद्याच्या बाजूने रुग्ण अगदीच निराधार नाही. 1948 च्या दंतवैद्यक कायद्याने नोंदणीवाचून दंतवैद्यकाचा पेशा करणे गुन्हा ठरवले, आणि महाराष्ट्रात ही नोंदणी राज्याच्या दंत परिषदेकडे होते. भिंतीवरील सनदेचा क्रमांक विचारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. सौंदर्यप्रसाधनगृहात किंवा कोणाच्या घरी दातांवर लेप देणाऱ्याकडे असा क्रमांक नसतो, आणि टपालाने मागवून घरी चिकटवण्याचे तयार पापुद्रे तर कोणाचीच जबाबदारी नसतात; त्यांच्याखाली अन्न आणि लाळ कोंडून निरोगी दात किडतात. सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली व्ही. पी. शांता प्रकरणात वैद्यकीय सेवेला ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणले, तेव्हा कसूर झाल्यास दाद मागता येते. पण दाद मागायला दस्तऐवज लागतो. कोणत्या दातांवर काम झाले, ते आधी कसे होते त्याची छायाचित्रे, दात घासला की नाही, पदार्थ कोणता वापरला, तुटल्यास किती मुदतीपर्यंत दुरुस्ती विनामूल्य होईल, आणि सर्वांत आधी, निदान काय झाले, हे सारे कागदावर असावे आणि त्याची प्रत रुग्णाकडे असावी.

काही माणसांच्या बाबतीत माझ्या मनात शंका नाही. पडून ज्याचा कोपरा तुटला आहे तो विद्यार्थी, जिचा पटाशीशेजारचा दात जन्मतःच खुंटलेला आणि टोकदार आहे ती मुलगी, हिरड्या निरोगी असून ज्याच्या दातांत लहानशी जुनी फट आहे तो तरुण, ह्यांनी हा उपचार निर्धास्तपणे घ्यावा. एकाच बैठकीत, दाताला फारशी इजा न करता, त्यांचे मोठे काम होते. ज्याचे दात निरोगी, सरळ आणि केवळ किंचित पिवळसर आहेत, त्याने साफसफाई करून घ्यावी, वाटल्यास दात उजळवून घ्यावे, आणि लेपाच्या वाटेला जाऊ नये.

एका गोष्टीविषयी वाचकांना आणि दंतवैद्यांना, दोघांनाही, विनंती करावीशी वाटते. 'तपासणी मोफत' अशा पाट्या आता जागोजाग दिसतात, आणि रुग्णांनाही तपासणीचे पैसे देणे जिवावर येते. परंतु हिरड्या, चावण्याची पद्धत, एक्स-रे, जुनी दुखणी, औषधे ह्यांची नीट विचारपूस करायला अर्धा तास लागतो, आणि त्या अर्ध्या तासाचे मोल कोणीच देणार नसेल, तर ते पुढच्या लेपातून वसूल करण्याचा मोह वैद्याला होणारच. आणि मग 'तुम्हांला ह्याची गरज नाही' हे वाक्य उच्चारणे त्याला परवडणार नाही. दंतवैद्यांनी तपासणीची फी उघडपणे घ्यावी, आणि रुग्णांनी ती देऊन आपले निदान लिहून मागावे. ते हाती आल्यावाचून लेपासाठी एक रुपयाही आगाऊ देऊ नये.